तुम्ही विचारलंत म्हणून: पोरंबाळं, आजी-आजोबा आणि यॉर्कशायर डेल्स

मे महिना लागला की हा प्रश्न ठरलेला. यॉर्कशायर डेल्स म्हणजे उत्तर इंग्लंडमधला नदीखोऱ्यांचा डोंगराळ प्रदेश, आता राष्ट्रीय उद्यान (नॅशनल पार्क), आणि लीड्स हे त्याच्या जवळचं मोठं शहर. लीड्समधल्या कुणा ना कुणा मराठी घरात भारतातून आईवडील आलेले असतात, आणि फोन येतो, "तू सारखी डेल्सला जातेस ना? मग अशी एखादी जागा सांग, जिथे नदी आहे, धबधबा आहे, पोरं कुरकुरणार नाहीत आणि आईचे गुडघेही दुखणार नाहीत."

माझं उत्तर असं की धबधबा बघून जागा ठरवू नका, तिथवरची वाट कशी आहे ते बघून ठरवा. धबधब्यांच्या बाबतीत आपण लाडावलेली माणसं आहोत. माझं माहेर सावंतवाडीचं. भर पावसातली आंबोली डोळ्यांत असलेल्या माणसाला इथले बहुतेक धबधबे बघून "एवढासाच?" असं वाटणारच. पण आंबोलीला चार वर्षांच्या मुलाचा हात क्षणभर सोडायची सोय नसते. इथे त्याला बूट काढून काठाशी खुशाल डुंबू देता येतं.

पहिल्यांदाच जाणार असाल तर मालम गाठा. गावातून गोरडेल ओढ्याच्या काठाने निघालेली वाट जवळजवळ सपाट आहे. शेतांमधून जाते, मग झाडीत शिरते. एप्रिल-मेमध्ये त्या झाडीत रानलसणाचा नुसता दरवळ असतो. पांढऱ्या फुलांचे ताटवे दिसायच्या आधीच वास येतो, आणि आजीमंडळी लगेच "ह्याची चटणी होते का गं?" विचारतात. होते, पण तिथली उपटू नका. वाटेच्या शेवटी जॅनेट्स फॉस हा छोटासा धबधबा आणि त्याखाली डोह. धबधब्यामागच्या गुहेत जॅनेट नावाची पऱ्यांची राणी राहते, अशी जुनी समजूत आहे. लोकर कातरण्याआधी मेंढ्या धुवायला पूर्वी ह्याच डोहात आणत. आमच्या पोरांना परीपेक्षा मेंढ्यांच्या अंघोळीतच जास्त रस. पायांत ताकद उरली असेल तर पुढे थोड्याच अंतरावर गोरडेल स्कारची घळ आहे. तिच्या तोंडापर्यंत रस्ता सोपा आहे, तिथूनच मागे फिरा. आत धबधब्याशेजारच्या खडकांवर चढणारे लोक दिसतील, त्यांना चढू द्या.

मालमला आणखी एक आहे, ते म्हणजे मालम कोव्ह, सुमारे 80 मीटर उंचीचा चुनखडकाचा उभा कडा. हिमयुगाच्या शेवटी वितळलेल्या बर्फाचं पाणी ह्या कड्यावरून कोसळत असे. आता ओढा कड्याच्या पायथ्यातून निमूट बाहेर पडतो. डिसेंबर 2015च्या वादळी पावसात मात्र थोडा वेळ वरून पुन्हा पाणी पडलं होतं. पायथ्यापर्यंत सगळ्यांना जाता येतं. वर जायला चारशेच्या आसपास पायऱ्या आहेत, तेव्हा तिथे घरात दोन गट पडतात.

भारतातून आलेल्यांना इथे सगळ्यात अवघड जाते ती वेगळीच गोष्ट. माझे सासरे वाईकडचे, मुरलेले शेतकरी. पहिल्या शेताच्या फाटकाशीच ते थांबले. "कुणाचं रान आहे हे? विचारलंस का त्यांना?"

"विचारावं लागत नाही बाबा. पायवाटेचा हक्क असतो."

"असं कसं? उभ्या गवतातून?"

असंच. शेत खाजगी, पण पूर्वापार वहिवाटीची वाट सगळ्यांची. 1949च्या कायद्याने अशा वाटांची नोंद अधिकृत नकाशांवर करायला लावली. पिवळा बाण दिसला की ती पायी चालणाऱ्यांची वाट. निळा बाण असेल तर घोडे आणि सायकलीही येणार. बांधावरून भाऊबंदकी बघितलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. नंतर मात्र तेच सगळ्यांवर नजर ठेवू लागले. फाटक उघडं असेल तर उघडं ठेवायचं, लावलेलं असेल तर लावायचं, आणि वासरं बरोबर असलेल्या गाईंच्या मधून जायचं नाही, लांबून वळसा घ्यायचा. हे शेवटचं मी स्वतः फार कडकपणे पाळते. इथल्या गाई थोराड असतात आणि वासरांपायी बिथरतात.

आता माझ्या सगळ्यात लाडक्या जागेबद्दल. स्वेलडेल म्हणजे स्वेल नदीचं खोरं, आणि त्यात म्यूकर नावाचं गाव. इथे जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या सुरुवातीलाच जा. इतर वेळीही सुंदरच असतं, पण मग ती फुलांची कुरणं बघायला मिळत नाहीत. मेच्या मध्याला शेतकरी मेंढरं वरच्या माळावर हाकतात आणि खालची कुरणं बंद करतात. मग गवत आणि फुलं एकमेकांच्या अंगावर वाढत जातात. पिवळे बटरकप, जांभळी क्रेन्सबिल, बर्नेटचे गडद तांबडे गोंडे. आणि यलो रॅटल. हिची मुळं शेजारच्या गवताच्या मुळांतून रस चोरतात, त्यामुळे गवत माजत नाही आणि बाकीच्या फुलांना जागा मिळते. हिच्या वाळलेल्या बोंडांत बी खुळखुळू लागलं की कापणीचे दिवस आले, असा इथल्या जुन्या शेतकऱ्यांचा ठोकताळा. अशी कुरणं आता फार थोडी उरली आहेत. 1930च्या दशकापासून ब्रिटनमधली 97 टक्के नाहीशी झाली, कारण नांगरट झाली, खतं आली, आणि खत मिळालं की गवत जोरात वाढून फुलांना दडपतं.

कुरणांमधून फरसबंद पायवाट जाते, एका माणसापुरती. सगळ्यांनी एकामागून एक चालायचं, फोटोसाठीसुद्धा गवतात शिरायचं नाही. का, हे मला मुलांना समजावून सांगावं लागलं. सासऱ्यांना सांगायची वेळच आली नाही. "अरे, वैरण आहे ती. तुडवली की कापता येत नाही," असं म्हणून त्यांनीच नातवाला खांद्याला धरून वाटेवर आणलं. मग दगडी गोठे बघत बसले. खोऱ्यात प्रत्येक शेतागणिक असा एक गोठा उभा आहे. खाली हिवाळ्यात गुरं बांधायची, वर त्यांचं गवत साठवायचं. भोवती चुना-सिमेंटाशिवाय रचलेले गडगे. त्यांची दगडांची जुळणी सासऱ्यांनी हात लावून लावून तपासली.

कुरणं संपली की नदी आणि तिच्यावरचा पादचारी पूल. पोरं लहान असतील तर इथेच मुक्काम ठोका. काठाला गोटे आहेत, उथळ पाणी आहे, दुपार कशी जाते कळत नाही. पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस दिसतं, त्याला घाबरू नका. वरच्या माळावरच्या पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीचा तो रंग आहे, घाण नाही. पिऊ मात्र नका, वर मेंढ्या चरतात. मुलं दहा-बारा वर्षांची असतील तर नदीच्या कडेने केल्डपर्यंत जा, सुमारे तीन मैल. केल्डच्या अलीकडे किस्डन फोर्स नावाचा धबधबा झाडीत लपलाय. परत तितकंच चालायचं आहे, हे निघायच्या आधी सगळ्यांना सांगा.

बोल्टन अ‍ॅबीबद्दलही सगळे विचारतात, कारण ते जवळ आहे. बाराव्या शतकातल्या मठाचे अवशेष, वॉर्फ नदी, वाळूचा काठ, नदी ओलांडायला दगडांची रांग आणि भित्र्यांसाठी शेजारी पूल. पार्किंगचे पैसे बरेच घेतात, पण लहान मुलांना दिवसभर पुरतं. फक्त नदीच्या वरच्या अंगाला जंगलात स्ट्रिड नावाची जागा आहे, तिथे मुलांचा हात घट्ट धरा. एवढी रुंद नदी तिथे खडकांमधल्या अरुंद फटीत शिरते. सहज उडी मारता येईल असं वाटतं, आणि त्या वाटण्यापायीच लोकांचे जीव गेलेत. खडकाखाली पाण्याने पोकळ्या कोरल्या आहेत, खडक निसरडे आहेत. लांबून बघा आणि पुढे चला.

एसगार्थ पावसाळी दिवसासाठी राखून ठेवा. यूर नदी तिथे रुंद पायऱ्यांवरून तीन टप्प्यांत उतरते, आणि आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर बघायला आणखी मजा. चालणं कमी, स्वच्छतागृह जवळ. इंगल्टनचा धबधब्यांचा फेरा 1885 पासून तिकीट लावून चालू आहे. सुंदर आहे, पण साडेचार मैल आणि भरपूर पायऱ्या. गुडघेवाल्यांना नेऊ नका.

बाबागाडीचं म्हणाल तर ती बहुतेक ठिकाणी घरीच ठेवा. गडग्यांतल्या फटी इतक्या अरुंद की मोठ्या माणसालाही तिरकं होऊन निघावं लागतं. तान्ह्याला पाठीवरच्या झोळीत घ्या. गाडी नेणं भागच असेल तर नॅशनल पार्कने 'माइल्स विदाउट स्टाइल्स' (स्टाइल म्हणजे गडगा ओलांडायची पायरी किंवा फट) नावाने खास सपाट वाटा निवडून ठेवल्या आहेत, त्यातली एखादी पकडा. डबा घरूनच न्या. गावांतली चहाची दुकानं संध्याकाळच्या आत बंद होतात, आणि दशम्या-लोणचं खाऊन झाल्यावर आजोबांना चहा लागतोच, तेव्हा थर्मासही घ्या. जूनमध्येही रेनकोट लागतो, हे आईवडिलांना पटत नाही. न विचारता पिशवीत टाका.

स्वतःची गाडी नसेल तर मालम सोयीचं. लीड्सहून स्किप्टनपर्यंत रेल्वे, पुढे बस. बसगाड्या मोजक्याच असतात, परतीची शेवटची कधी ते आधी बघून ठेवा. म्यूकरला मात्र लहान मुलांना घेऊन एका दिवसात बसने जाऊन यायचा घाट घालू नका. कुणा गाडीवाल्याला गाठा आणि पुढच्या सीटवर आजोबांना बसवा.