आईची हाडे आणि आमची वणवण

सोलापूर, मंगळवार, रात्र

आईच्या डेक्सा तपासणीचा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या क्ष-किरण तपासणीचा, अहवाल आज हाती आला. मणक्याचा टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत घनता किती हे सांगणारा आकडा, उणे ३.१ आहे; तो उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला की अस्थिसुषिरता, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा, मानतात. या एका आकड्यासाठी जी वणवण करावी लागली, तिचा संताप अजून शमलेला नाही.

गेल्या वर्षी मोरीत पाय घसरून आईचे मनगट मोडले, तेव्हा प्लास्टर झाले, बिल भरले आणि विषय तेवढ्यावर मिटला. साठी ओलांडलेल्या बाईचे हाड एवढ्याशा पडण्याने मोडते, तर मुळात हाडेच तपासायला हवीत, हे कोणीही सांगितले नाही. पुढे पाठ धरली. जन्मभर मांडीवर सूप घेऊन, वाकून विड्या वळलेल्या बाईची पाठ दुखणारच, असे म्हणून प्रत्येकाने वेदनाशामक गोळ्या देऊन तिची बोळवण केली. हाडांना लागणारे ड जीवनसत्त्व उन्हामुळे मिळते; सोलापुरात उन्हाला तोटा नाही, पण दिवसभर घरात बसून काम करणाऱ्या बाईच्या अंगाला ते लागते कुठे, हा विचारही कोणाला सुचला नाही. एका मोफत शिबिरात तर टाचेला यंत्र लावून कागद दिला आणि शेजारच्या टेबलावरून लगेच कॅल्शियमच्या पावडरीचा डबा पुढे आला. टाचेच्या तपासणीवर निदान पक्के होत नाही, त्यासाठी कंबरेचे मणके व खुबा यांची डेक्सा लागते, हे तिथे कोणी बोलले नाही.

डेक्साचे पैसे आम्हीच भरले, कारण सरकारी योजनेचा आधार मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णाला मिळतो. खुबा मोडून शस्त्रक्रिया झाली तर मदत, आणि तो मोडू नये म्हणून काही नाही, हा हिशेब मला मुळीच पटत नाही.

आज डॉक्टरांनी रोज टोचायचे महागडे इंजेक्शन लिहून दिले. "आठवड्याच्या गोळीने भागणार नाही का?" असे विचारले, तर "परवडत नसेल तर राहू द्या," एवढेच उत्तर मिळाले. आईसाठी इंजेक्शनच योग्य असेलही, पण तसे असल्यास कारण समजून घेण्याचा तिला हक्क आहे. आठवड्यातून एकदा घ्यायची ही गोळी, म्हणजे हाडांची झीज रोखणाऱ्या ॲलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी, जेनेरिकमध्ये स्वस्त मिळते. ती सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही, हे पथ्य आई सहज पाळेल.

तरी ती गोळी मी आपल्या मनाने सुरू करणार नाही, कारण आधी मूत्रपिंड, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासावे लागते. गुरुवारी दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचे आहे. प्रश्न कागदावर लिहून ठेवले आहेत: गोळी का नको, इंजेक्शन किती महिने, आणि ते थांबवल्यावर हाडे पुन्हा विरळ होऊ नयेत म्हणून पुढे काय द्यायचे.