तुम्ही विचारलंत म्हणून: पाय काढल्यावर काळजी मिटते का?

आमच्या कुत्र्याचा, खंड्याचा, मागचा उजवा पाय काढून 9 महिने झाले. रस्त्यात भेटणारी माणसं "अरेरे, बिचारा" म्हणून चुकचुकतात आणि पुढे जातात. दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्यांचा प्रश्न मात्र वेगळा असतो. त्यांच्या कुत्र्याचा पाय काढायला डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. ते जरा जवळ सरकतात आणि हळू आवाजात विचारतात, "पाय काढल्यावर काळजी मिटते का हो?" तिथे बसून दोन वाक्यांत सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

पायाची काळजी मिटते, आणि तुम्हाला आत्ता वाटतंय त्याच्या कितीतरी आधी. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पोटाखालून टॉवेलचा आधार दिला तर खंड्या उभा राहिला. आठवडाभरात टॉवेल नुसता नावाला उरला. तसंही तो पाय त्याने आधीचा महिनाभर जमिनीला टेकवलाच नव्हता. गुडघ्याच्या खालच्या हाडात कॅन्सर होता, ऑस्टिओसार्कोमा. मोठ्या अंगाच्या कुत्र्यांच्या हाडांत सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच, आणि त्याच्या वेदना फार असतात. पाय गेला तेव्हा ती वेदनाही गेली. ऑपरेशननंतर चौथ्या रात्री तो कूस बदलून गाढ झोपला, तेव्हा इतके आठवडे तो नीट झोपलाच नव्हता हे माझ्या लक्षात आलं. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

पहिले पंधरा दिवस मात्र जीव टांगणीला लागतो. तिसऱ्या दिवशी जखमेच्या खालच्या टोकाला पाण्याची पिशवी भरावी तशी मऊ सूज आली आणि पोटाकडची कातडी जांभळी झाली. मला वाटलं, आतले टाके उसवले. डॉक्टरांनी हात लावून बघितलं. पाय काढल्यावर राहिलेल्या पोकळीत पाणी साठतं आणि बहुतेक वेळा आपोआप जिरतं, असं ते म्हणाले. घरी दाबून ते काढायचा प्रयत्न मात्र अजिबात करायचा नाही. सूज गरम लागली, लाल झाली, वास आला, पू दिसला किंवा टाक्यांची कड उघडली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आमची सूज दहा दिवसांत उतरली. टाके 13 व्या दिवशी निघाले. तोवर जखम चाटू नये म्हणून गळ्यात घातलेली मोठी कॉलर एक मिनिटही काढली नाही, त्याने कितीही तोंड पाडलं तरी.

मग तिसऱ्या आठवड्यात ते झालं, ज्याची मला कुणी कल्पना दिली नव्हती. खंड्या शांत पडला होता. एकदम किंचाळून उठला, गर्रकन वळला आणि जिथे पाय होता तिथे बघायला लागला. मांडीचा उरलेला भाग थरथरत होता. माझे हातपाय गार पडले. नसलेल्या पायातली वेदना माणसांना होते तशी कुत्र्यांनाही होत असावी, असं डॉक्टर म्हणाले. कापलेल्या नसा मेंदूला खोटे निरोप पाठवतात. त्यासाठी गॅबापेन्टिन सुरू झालं, आणि पाच-सहा दिवसांत ते झटके थांबले. हे औषध मनानेच एकदम बंद करायचं नसतं. याच्या माणसांसाठीच्या पातळ औषधात काही वेळा झायलिटॉल ही गोडी असते. ती कुत्र्यांना विषारी आहे, तेव्हा बाटलीवरचं नीट वाचा. तो कण्हतोय म्हणून आपल्या डब्यातली वेदनाशामक गोळी तर चुकूनही देऊ नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं.

त्याच वेळी डॉक्टरांनी मला एक गोष्ट सांगितली. "गेलेल्या पायाकडे बघत बसू नका, उरलेल्या तिघांकडे बघा." मागचा एकच पाय राहिला की उठताना, वळताना, जिना चढताना सगळा जोर त्या एका गुडघ्यावर येतो, आणि त्यातला लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा पट्टा, फाटला तर कुत्र्याला उभं राहायलाच जागा उरत नाही. म्हणून घरभर रबरी चटया घातल्या, पंजातले केस कापले, नखं बारीक ठेवली. सोफ्यावरून उड्या बंद केल्या. एक लांब फेरी बंद करून चार छोट्या फेऱ्या सुरू केल्या. सगळ्यात कठीण गेलं ते वजन. त्याचं खाणं कमी करायला घरात कुणीच तयार नव्हतं, "एवढं सोसलंय त्याने" म्हणून. पण 34 किलो तीन पायांवर तोलायचे ते त्यालाच. आता दर रविवारी मी त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवते. न दाबता बोटांना बरगड्या लागल्या पाहिजेत. तो 30 किलोंवर आला, आणि उठताना जी खटपट करायचा ती निम्मी झाली.

एका सकाळी त्याने तो उरलेला मागचा पाय टेकवायलाच नकार दिला. पोटात गोळा आला. आता कॅन्सर त्याही हाडात गेला, एवढंच डोक्यात. मी जमिनीवर बसून एकेक बोट उघडून पाहिलं. आतल्या बाजूचं नख मुळाशी चिरलं होतं, कडेला रक्ताचा वाळलेला ठिपका होता. बाकी काही नाही. मी त्याचा पंजा हातात धरून बराच वेळ तशीच बसून राहिले.

खरी काळजी आहे ती छातीची. हा कॅन्सर सापडतो तेव्हा बहुतेक कुत्र्यांत त्याच्या पेशी आधीच फुप्फुसांपर्यंत पोचलेल्या असतात. गाठ काही मिलिमीटरची होईपर्यंत ती एक्स-रेत दिसत नाही. नुसता पाय काढला तर निम्मे कुत्रे साधारण 4 ते 5 महिन्यांत जातात. केमो दिली तर हा काळ 10 ते 12 महिन्यांपर्यंत जातो, आणि थोडे त्याहून खूप पुढेही जगतात. हे आकडे मी मुद्दाम सांगते, कारण मला ते सुरुवातीलाच कळले हे बरं झालं.

आम्ही केमो घेतली, कार्बोप्लॅटिनचे चार डोस, तीन-तीन आठवड्यांनी. दुसऱ्या डोसनंतर 11 व्या दिवशी खंड्याने ताटलीकडे पाहिलंही नाही. मी थर्मामीटर लावला, 103.8. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असतं. त्या दिवसांत केमोमुळे रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, ताप म्हणजे जंतुसंसर्ग समजूनच धावायचं असतं. तासाभरात सलाइन लागलं. दोन दिवसांनी तो घरी आला. "सकाळपर्यंत बघू" म्हटलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी करत नाही.

छातीवर लक्ष ठेवायला रोज रात्री मी त्याचे श्वास मोजते. तो गाढ झोपला की छातीकडे बघायचं, वर गेली की एक. 30 सेकंद मोजून दुप्पट करायचे. झोपेत मिनिटाला 30 च्या आत असले पाहिजेत. त्याचे 16 ते 18 असतात. मी वहीत तारीख आणि आकडा लिहिते. एका रात्री 36 आले आणि काळजाचा ठोका चुकला. मग पाहिलं, तर पापण्यांखाली डोळे हलत होते, पंजे पळत होते, तो स्वप्नात होता. तासाभराने मोजले, 18. आकडा दोन-तीनदा मोजूनही चढाच राहिला, त्यात खोकला आला किंवा हिरड्या फिक्या पडल्या, तर थांबायचं नाही, हे मला ठाऊक आहे. बाकी रात्री मी वही मिटते आणि झोपते. ऑपरेशननंतरचे पहिले दोन महिने मला झोप नव्हती. दर खोकल्याला, दर शिंकेला उठून बसायचे. वही सुरू केली आणि झोप लागायला लागली.

तर, काळजी मिटत नाही. मी तरी तुम्हाला खोटं सांगणार नाही. तिला ठरलेली वेळ दिली की ती दिवसभर मानगुटीवर बसत नाही, एवढं मात्र झालं.

आणि दिवस त्याचे चांगले जातात हो. उजव्या कानाला खाज सुटली की मांडीचा उरलेला भाग भराभर हलतो, खाजवणारा पाय तिथे नसतो. तो माझ्याकडे बघतो. मी कान खाजवते, तो डोळे मिटतो आणि ती मांडी तालात हलतच राहते.

तुमचा निर्णय होत आला असेल तर ऑपरेशनच्या आधीच दोन गोष्टी करून घ्या. बाकीचे तीन पाय आणि छातीचा एक्स-रे डॉक्टरांकडून नीट तपासून घ्या. आणि आज रात्रीपासून श्वास मोजून लिहायला लागा, म्हणजे त्याचा स्वतःचा नेहमीचा आकडा तुमच्याकडे राहील. माझ्या वहीचं पहिलं पान ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी सुरू होतं. त्याआधीचे आकडे माझ्याकडे नाहीत.