पुढून बसलेली फोर-बाय-फोर मूळ उंचीला आणताना

गाडी पुढून बसते ती इतक्या सावकाश, की रोज चालवणाऱ्याला कळतही नाही. माझ्या फोर-बाय-फोरचं नाक खाली आलंय हे मला आधी कानांनी सांगितलं. गतिरोधकावरून अगदी हळू उतरलं तरी पुढून धप्प असा आवाज यायचा. चाक पूर्ण वळवून खड्ड्यात गेलं की टायर आतल्या प्लास्टिकला घासायचा. मग टायर नीट पाहिले, तर दोन्ही पुढच्या टायरांची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा बरीच जास्त झिजलेली. सस्पेन्शन दबलं की चाकं वरच्या बाजूने आत कलतात आणि आतली कड रस्त्यावर जास्त घासते. म्हणजे तिन्ही गोष्टींचं मूळ एकच होतं.

एका मिस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी खाली वाकून एकदा बघितलं आणि म्हणाले, "साहेब, बोल्ट कसून देतो. दहा मिनिटांचं काम. दोन-तीन इंच वर घेऊ, गाडी मस्त उठून दिसेल." बोल्ट कसून गाडी वर येते हे खरंच आहे. पण मला गाडी उठून दिसायला नको होती, कारखान्यातून आली तेव्हाची उंची परत हवी होती. म्हणून आधी समजून घ्यायचं आणि मग स्वतःच करायचं ठरवलं.

माझ्या गाडीला पुढे कॉइल स्प्रिंग नाही, टॉर्शन बार आहेत. म्हणजे चॅसीला (गाडीच्या सांगाड्याला) समांतर, पुढून मागे बसवलेल्या पोलादाच्या दोन लांब कांबी. प्रत्येक कांबीचं एक टोक चाकाच्या आर्ममध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यात, अडकलेलं असतं. दुसरं टोक मागे क्रॉस मेंबरपाशी (चॅसीच्या आडव्या पट्टीपाशी) एका आखूड अँकर आर्ममध्ये असतं आणि तो अँकर आर्म एका लांब बोल्टने धरून ठेवलेला असतो. चाक वर गेलं की कांबीला पीळ बसतो, तो उलगडू पाहतो आणि त्यावरच गाडीचं वजन पेललं जातं. कल्पना जुनी आणि भक्कम आहे: १९३४ सालच्या सित्रोएन त्राक्सिओं आव्हां या मोटारीत टॉर्शन बार होते आणि टी-७२ रणगाड्याची चाकंही टॉर्शन बारवरच पेललेली आहेत.

तो मागचा बोल्ट कसला की अँकर आर्म थोडा फिरतो, त्याबरोबर अख्खी कांब फिरते आणि चाकाचा आर्म खाली ढकलला जातो, म्हणजेच गाडी वर येते. इथे एक गोष्ट फार लोक चुकीची समजतात. बोल्ट कसल्याने कांब कडक होत नाही. तिचा कडकपणा तिच्या जाडीवर, लांबीवर आणि पोलादावर ठरतो. चाकाला वर-खाली मिळणारी एकूण जागाही तेवढीच राहते. गाडी जितकी वर घ्याल तितकी चाकाची खाली लोंबण्याची जागा कमी होते. हावरेपणाने उचललेल्या गाडीचा वरचा आर्म जवळजवळ रबरी स्टॉपवर टेकून बसतो, प्रत्येक खड्ड्यात चाक खाली जायच्या आत ठोका बसतो, ड्राइव्ह शाफ्टचे (चाकं फिरवणाऱ्या दांड्यांचे) कोन वाढतात आणि त्यांच्या सांध्यांवरची, म्हणजे सीव्ही जॉइंटची, रबरी बुटं फाटायला लागतात. पुढच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या गाडीत तर हे टाळायलाच हवं.

बोल्टला हात लावायच्या आधी गाडी का बसली ते शोधलं. शॉकअप बदला असा सल्ला पुष्कळांनी दिला, पण शॉकअप गाडीचं वजन धरत नाहीत, फक्त उसळी आवरतात. आर्मचे बुश लोखंडी पहार लावून हलवून पाहिले, बॉल जॉइंट पाहिले. सगळं ठीक होतं. गाडी डावीकडे जरा जास्त झुकलेली होती. असा झुकाव कधीकधी मागच्या पाट्यांमुळेही येतो आणि दिसतो मात्र पुढे. ते तपासायला पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावले, कारण हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो आणि तीच चाकं हवेत जाणार होती. मग मागचा अॅक्सल मधोमध जॅकवर उचलला. अशा वेळी मागच्या बाजूला डावं-उजवं असं काही उरत नाही, झुकाव फक्त पुढचं सस्पेन्शन ठरवतं. झुकाव तसाच राहिला. दोष पुढच्याच कांबींचा होता, आणि पुढे बसवलेला जड बंपर व विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र) हे कारणही समोरच होतं.

मोजमाप हा या कामाचा जीव आहे. जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजलं तर टायरमधली हवासुद्धा मापात येते. म्हणून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं, सपाट फरशीवर, रिकाम्या गाडीत. डावीकडे ४७८ मिलिमीटर, उजवीकडे ४९०. पत्रा थोडा वाकडा असू शकतो, म्हणून खरं लक्ष्य सर्व्हिस मॅन्युअलमधून घेतलं. त्यात खालच्या आर्मच्या आतल्या बोल्टची आणि बाहेरच्या टोकाची जमिनीपासूनची उंची मोजून दोन्हींमधला फरक किती असावा ते दिलेलं आहे. आर्म किती कललाय हे त्यातून थेट कळतं.

बोल्ट गंजलेले होते. बरेच दिवस रोज संध्याकाळी त्यांवर गंज सोडवणारं तेल मारत राहिलो, तारेच्या ब्रशने आटे साफ केले. आटे बाहेर किती आलेत ते दोन्हीकडे मोजून लिहून ठेवलं आणि अँकर आर्म व कांब यांवर पांढऱ्या रंगाची सलग रेघ मारली. मग चॅसीखाली जॅक लावून पुढची बाजू उचलली, दोन्हीकडे स्टँड लावले आणि चाकं लोंबकळू दिली. गाडीचं वजन कांबीवर असताना हा बोल्ट फिरवायचा नाही. तेव्हा आट्यांवर भयंकर ताण असतो आणि ते सोलले जातात. इम्पॅक्ट गनही वापरली नाही. लांब दांड्याचा हातपाना असला की बोल्ट किती जड जातोय ते हाताला कळतं.

डावीकडचा बोल्ट जवळजवळ शेवटच्या आट्यांपर्यंत आधीच कसलेला निघाला. कुणीतरी पूर्वी हाच उपाय करून ठेवला होता. आता एकच वाट होती: कांब अँकर आर्ममधून बाहेर काढायची आणि एक दाता पुढे फिरवून परत बसवायची. कांबीच्या टोकाला बारीक उभे दाते असतात, तेच अँकर आर्मच्या आतही असतात. बोल्ट थोडा थोडा सैल करत नेला आणि अँकर आर्म हाताने हलायला लागल्यावरच पूर्ण काढला, कारण त्यात पीळ शिल्लक असताना बोल्ट सुटला तर तो आर्म हात मोडू शकतो. दात्यांमध्ये जुनं ग्रीस आणि माती घट्ट बसली होती. जाड लाकडाचा तुकडा मध्ये धरून ठोकलं, तेव्हा कांब सुटली. तिच्यावर थेट हातोडा मारायचा नाही. पिळल्या जाणाऱ्या पोलादाच्या पृष्ठभागावर साधा ओरखडा पडला तरी पुढे तडा तिथूनच सुरू होतो. टोकावर 'एल' अक्षर कोरलेलं होतं. कांबींना कारखान्यातच एका दिशेने पीळ देऊन तयार केलेलं असतं, म्हणून डावी कांब उजवीकडे घालून चालत नाही. दाते रॉकेलने धुतले, ग्रीस लावलं, रेघ बघून एक दाता पुढे सरकवला. बोल्टला पुन्हा भरपूर आटे मिळाले.

त्यानंतरचं काम चिकाटीचं. अँटी-रोल बारची (दोन्ही बाजूंची चाकं जोडून गाडीचं कलणं आवरणाऱ्या दांड्याची) एका बाजूची लिंक सोडली, म्हणजे एका बाजूचा परिणाम दुसरीकडे जायला नको. बोल्ट थोडा फिरवायचा, गाडी खाली उतरवायची, काही मीटर पुढे-मागे न्यायची, बंपरवर जोर देऊन हलवायची आणि मगच मोजायचं. गाडी जॅकवरून उतरते तेव्हा टायर जमिनीला धरून राहतात, चाकं आतल्या बाजूला ओढलेली असतात आणि गाडी खोटीच उंच दिसते. चार पावलं चालली की ती आपल्या जागी बसते. इतकं करूनही डावी बाजू वाढवली की उजवी जरा हलतेच. शेवटी माप आलं डावीकडे ५०६, उजवीकडे ५०८, आणि आर्मचा कोन मॅन्युअलमध्ये दिलेल्या हद्दीत. गाडी अजून दीड-दोन इंच वर जात होती, पण मी तिथेच थांबलो. चाकं जमिनीवर असताना लिंक जोडली आणि लॉक नट आवळले.

लगेच अलाइनमेंटला गेलो. उंची बदलली की चाकांचा कलही बदलतो आणि टोही, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत तेही. तिथल्या मुलाने नेहमीप्रमाणे फक्त टो लावायला घेतला. त्याला म्हटलं, "दादा, आधी कॅम्बर आणि कास्टर बघ, टो सगळ्यात शेवटी." कॅम्बर म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल आणि कास्टर म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल. हे दोन हलवले की टो आपोआप बिघडतो, म्हणून क्रम हाच हवा. त्यानेही कंटाळा न करता सगळं व्यवस्थित लावून दिलं. नाक वर आल्यामुळे हेडलाइटचा झोत समोरच्यांच्या डोळ्यांत जायला लागला होता. घरी भिंतीसमोर गाडी लावून तो खाली घेतला.

आता गतिरोधकावर आवाज येत नाही, टायर कुठेही घासत नाही आणि ब्रेक मारल्यावर नाक पूर्वीइतकं खाली जाऊन आपटत नाही. काही महिन्यांनी परत मोजलं, तर दोन्हीकडे चार-पाच मिलिमीटर कमी झाले होते. नव्याने पीळ दिलेली कांब थोडी बसते, ते धरूनच चाललो होतो. यापुढे मात्र माप असंच घसरत राहिलं तर पोलाद थकलंय असं समजून मी बोल्टला हात लावणार नाही. दोन्ही कांबी एकदमच बदलीन, आणि विंचचं वजन कायम राहणार असल्यामुळे किंचित जाड घेईन. लांबी आणि पोलाद तेच ठेवून जाडी फक्त दहा टक्के वाढवली तरी कडकपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे त्याहून जाड कांब पुढच्या चाकांना निष्कारण टणक करेल.