तुम्ही विचारलंत म्हणून: हे पळून जाणं नाही का?

"कागदावर प्राणी काढायचे, त्यांच्या अंगावर तास न् तास नक्षी भरत बसायचं, हे खऱ्या गोष्टींपासून पळून जाणं नाही का?" कोणी काळजीने विचारतं, कोणी टोमणा मारायला. आजवर मी 'आहे आपला छंद' म्हणून विषय संपवत आलो. आज नीट सांगतो, कारण या प्रश्नाचा मला आता त्रास व्हायला लागलाय.

मी कागदावर मन मोकळं करतो असा तुमचा समज दिसतो. तसं काही नाही. कोरा कागद अस्वस्थ माणसाला आणखी अस्वस्थ करतो, निदान मला तरी करतो. 2005 साली नॅन्सी करी आणि टिम कॅसर या अमेरिकन संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी 84 विद्यार्थ्यांना आधी मुद्दाम थोडं चिंतेत टाकलं. मग काहींना मंडल, म्हणजे गोलात बसवलेली नक्षी, रंगवायला दिलं, काहींना चौकड्यांची नक्षी आणि काहींना नुसता कोरा कागद. मंडल आणि चौकड्यांवाल्यांची चिंता उतरली, कोऱ्या कागदवाल्यांची तशी उतरली नाही. हाताला काहीतरी ठरलेलं लागतं. म्हणून मला प्राणी हवे असतात, कारण नक्षी त्यांच्या अंगावर आधीच असते.

स्टार कासव घ्या. पाठीवर मधल्या ओळीत 5 ढलप्या, दोन्ही अंगांना 4-4. बहुतेक कासवांची मांडणी हीच असते. पण स्टार कासवाच्या प्रत्येक ढलपीच्या मध्यातून पिवळ्या रेघा कडेपर्यंत फाकत जातात. काळ्या शाईने काढायचं तर त्या रेघा काढायच्या नसतात, सोडायच्या असतात. दोन सोडलेल्या रेघांमधली निमुळती जागा बारीक बारीक रेघांनी भरत जायची आणि कडेच्या केसभर आधी हात थांबवायचा. रिक रॉबर्ट्स आणि मारिया थॉमस यांच्या झेंटँगल या पेनाने नक्षी भरण्याच्या पद्धतीत साडेतीन इंची चौकोनी कागदावर काम करतात आणि खोडरबर वापरत नाहीत. मी ती पद्धत सगळी पाळत नाही, पण खोडरबर मीही ठेवत नाही. रेघ बाहेर गेली तर ती तशीच राहते आणि पुढची रेघ तिला सांभाळून घेते.

आता जे खरं सांगायचंय ते.

बाबा आयसीयूत होते. आम्ही सगळे बाहेरच्या बाकांवर. कोणी फोनवर तेच तेच सांगत होतं, चुलतभाऊ नुसताच स्क्रीनवर बोट फिरवत होता. माझ्या खिशात छोटी वही आणि पेन होतं. मी कासव काढायला घेतलं. मधली ओळ झाली होती, डाव्या अंगाची पहिली ढलपी चालू होती. आत्या समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "माझा भाऊ आत पडलाय आणि तुला चित्रं सुचतायत?" ती ओरडली नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं. बाकावरच्या सगळ्यांनी वर पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं. मी वही मिटली नाही. का मिटली नाही, हे मला अजून नीट सांगता येत नाही. बोटं थरथरत होती आणि ढलपीच्या कडेला एक रेघ बाहेर गेली, ती आजही तिथे आहे.

थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर आले. पोटॅशियम वाढलंय, रात्रीच डायलिसिस करावं लागेल, करताना बीपी एकदम पडू शकतं, सही हवी. ते एका दमात बोलले आणि आत गेले. मागे राहिलेल्यांत कोणाला 'डायलिसिस' एवढंच ऐकू आलं होतं, कोणाला 'सही'. मला सगळं आठवत होतं, शब्दांच्या क्रमानिशी. भावाला मी समजावून सांगितलं, मग सही केली.

मानसशास्त्रज्ञ जॅकी अँड्रेड यांच्या 2009 सालच्या प्रयोगात, कंटाळवाणा फोननिरोप ऐकताना आकृत्या भरणाऱ्यांना इतरांपेक्षा 29 टक्के जास्त आठवलं होतं. हा आकडा मी बरीच वर्षं आत्याविरुद्ध मनातल्या मनात वापरत आलोय. पण तो निरोप कंटाळवाणा होता. माझ्यासमोर जे चाललं होतं ते तसं नव्हतं, त्यामुळे तो आकडा माझ्या बाजूने साक्ष देतो असं मला आता छातीठोकपणे म्हणवत नाही. कदाचित मी थोरला होतो म्हणून ऐकलं असेल.

आणि दुसरी गोष्टही सांगायलाच हवी. आत्याला जे दिसलं ते खोटं नव्हतं. ढलपी भरत होतो तेवढी मिनिटं मी बाबांचा विचार करत नव्हतो. त्या मिनिटांत मला बाबा नव्हतेच. बाबा त्याच आठवड्यात गेले, आणि ती मिनिटं मी त्यांच्याकडून काढून घेतली असं मला कित्येक रात्री वाटलंय.

पूर्वी मी लोकांना सांगायचो, हे ध्यान आहे. तेव्हाच्या मला आता विचारावंसं वाटतं, कशावरून? डोळे मिटून बसलो की माझं मन सुटतं ते सुटतंच. कागदावर मात्र ते रेघेपाशी परत येतं, कारण रेघ अर्धी राहिलेली दिसते. याला ध्यान म्हणा, नका म्हणू. शांतही मी दर वेळी होत नाही. कधी कधी वही मिटल्यावर भीती होती तिथेच बसलेली असते. फक्त तोवर मी उठून गेलेलो नसतो.

माझ्याकडे सांगण्यासारखं काही असेल तर एवढंच. त्या रात्री पाय मोकळे करायला म्हणून खाली गेलेले दोघं-तिघं बराच वेळ वर आले नाहीत. त्यांना कोणी काही बोललं नाही, आणि बोलूही नये, ज्याला जे झेपतं ते तो करतो. पण मी बाकावरून हललो नव्हतो. दाराचा आवाज झाला की सगळ्यांत आधी मी वर पाहत होतो. आत्याला हे मी सांगितलेलं नाही. तिने तो विषय पुन्हा काढला नाही, मीही नाही. सांगितलं तर तिला पटेल असंही वाटत नाही, कारण तिच्या डोळ्यांसमोर माझी खाली वाकलेली मानच असणार.