मारवा आणि आतली बेचैनी
आज संध्याकाळी धाकट्या भावाला मारवा राग ऐकवला. अँग्झायटीची औषधं चालू आहेत त्याची. मारव्यात पंचम (प) वर्ज्य, म्हणजे घ्यायचाच नाही; कोमल रिषभ (रे) आणि शुद्ध धैवत (ध) प्रबळ. षड्जावर, म्हणजे मूळ सा वर, विसावणं गायक लांबवतच राहतो. मध्येच तो म्हणाला, "ताई, मला दिवसभर अस्संच होतं गं. टेकायला जागाच सापडत नाही." लक्षणं डॉक्टरांनी नीट समजावली होती, पण ती आतून कशी असतात ते आज कळलं.

मग चित्रकार व्हॅन गॉघचं ताऱ्यांच्या रात्रीचं चित्र पाहिलं. जून १८८९, फ्रान्समधल्या सेंट-रेमीचं मनोरुग्णालय; तिथे दाखल असताना काढलेलं. त्याच्या खोलीच्या खिडकीला गज होते, चित्रात नाहीत. (आजारामुळे प्रतिभा फुलते हे मला अजिबात पटत नाही. तीव्र झटक्यांत त्याचं काम थांबायचं.)

पुढच्या भेटीत डॉक्टरांनाही मारवा ऐकवायचा म्हणतोय भाऊ. नक्की ऐकवू.