एस्टीमचा कॅम ठरला: 292 बाद, 256 पास

पोर्टिंग (हेडमधल्या हवेच्या वाटा मोकळ्या करणं), हेड फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं) आणि 4-2-1 हेडर (एक्झॉस्टचे पाइप) झाल्यापासून माझ्या 16 व्हॉल्व्हच्या 1.3 मारुती एस्टीमचं काम कॅमवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, अडलं होतं. आता कागद पक्का झाला: 256 डिग्री ड्युरेशन (क्रँक किती फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो), लोब सेपरेशन 110 (इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबच्या, म्हणजे कॅमवरच्या उंचवट्यांच्या, टोकांमधला कोन), इनटेकची सेंटरलाइन 108 (पिस्टन वरच्या टोकावरून निघाल्यावर किती डिग्रीला इनटेक व्हॉल्व्ह सगळ्यात जास्त उघडतो). ग्रुपमधल्या निम्म्या मंडळींना हे पचणार नाही, कारण त्यांचा कौल 292 डिग्रीच्या कॅमला होता. म्हणून हिशोबच मांडतो.

आधी गाडी कुठे पळते ते बघा. जळगाव-धुळे हायवेवर पाचव्या गिअरमध्ये 90 ला आरपीएमचा काटा 3000 च्या आत असतो. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना ट्रकच्या मागे दुसरा-तिसरा टाकून 2000 ते 4500. साडेसहा हजारांच्या पुढे इंजिन फिरवायची वेळ वर्षातून किती वेळा येते, हे ज्याने त्याने प्रामाणिकपणे सांगावं.

सगळे लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह किती मिमी उघडतो ते, विचारतात. मी सगळ्यात आधी इनटेक व्हॉल्व्ह बंद कधी होतो ते काढतो. ड्युरेशनचं अर्धं, अधिक सेंटरलाइन, वजा 180. 256 वाल्यात 128 अधिक 108 वजा 180, म्हणजे पिस्टन खालच्या टोकावरून निघाल्यावर 56 डिग्रीला. 292 ला 106 सेंटरलाइन दिली होती, तिथे 72 डिग्री. नुसत्या आकड्यांत फरक कळत नाही, म्हणून पिस्टनचा प्रवास काढला. या इंजिनचा स्ट्रोक 75.5 मिमी. 56 डिग्रीला पिस्टन साधारण 12-13 मिमी वर आलेला असतो, 72 ला 20 मिमीच्या पुढे. व्हॉल्व्ह त्या वेळी मिटत आलेला असतो हे खरं, पण 2000 आरपीएमला आत येणाऱ्या हवेला जोर नसतो. आलेला माल तोच पिस्टन परत इनटेकमध्ये ढकलतो. 6500 ला तीच हवा स्वतःच्या वेगाने आत घुसत राहते, म्हणून रेसवाल्यांना उशिरा बंद होणारा व्हॉल्व्ह मानवतो. घाटात मला नाही मानवणार.

मग स्टॉक कॅमच का ठेवला नाही? फेसिंगमुळे कॉम्प्रेशन वाढलंय. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला टेकतो. तेव्हा चढावर तिसऱ्यात पाय दाबला की खडखड, म्हणजे नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटणं), ऐकू यायची. व्हॉल्व्ह थोडा उशिरा मिटला तर कमी आरपीएमचं प्रेशर जरा उतरतं आणि नॉकिंगला उसंत मिळते. 256 निवडण्याचं अर्धं कारण हेच. इग्निशन टायमिंग मागे ओढूनही (ठिणगी उशिरा पाडूनही) नॉकिंग जातं, पण मग फेसिंग कशाला केलं?

दुसरा आकडा ओव्हरलॅपचा, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असतात त्या काळाचा. ड्युरेशनमधून लोब सेपरेशनची दुप्पट वजा करायची. 256 वजा 220, म्हणजे 36 डिग्री. 292 ला सेपरेशन 106 होतं, म्हणून 80. इतक्या ओव्हरलॅपला आयडलवर इनटेकमधला व्हॅक्यूम कमी पडतो. मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा) तो लोड समजतो, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवतो, गाडी धूर ओकते. पीयूसीत सीओ आणि एचसी आयडललाच मोजतात, तिथे अडकणार. ब्रेक बूस्टरही त्याच व्हॅक्यूमवर चालतो. जळगावच्या गोलाणी मार्केटच्या गर्दीत कडक झालेलं ब्रेक पेडल मला नको. (कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52, गाडीत बदल करण्याबाबतचं, वाचून ठेवा.)

धुळ्याला हेडचं काम करणाऱ्या आप्पांना दोन्ही कागद दाखवले. 292 चा त्यांनी न बोलता बाजूला सरकवला आणि मग म्हणाले, "भाऊ, तुले गाडी चालाडनी शे का नुसता आवाज काढना शे?" विषय संपला.

एक इशारा. ड्युरेशन कोणत्या लिफ्टला मोजलंय ते विचारल्याशिवाय दोन कॅमची तुलना करू नका. कोणी व्हॉल्व्ह हलायला लागल्यापासून मोजतो, कोणी 1.27 मिमी लिफ्टपासून. दुसऱ्या पद्धतीचा 230 हा पहिल्या पद्धतीच्या 256 पेक्षा चांगलाच गरम, म्हणजे रेसकडे झुकणारा, निघू शकतो.

नवा घ्यायचा की जुना रिग्राइंड करायचा, यावर मी रिग्राइंडच्या बाजूने आहे, पण बेताने. रिग्राइंडमध्ये बेस सर्कल (लोबचा गोल भाग) घासून लिफ्ट मिळवतात. वरचा कडक थर जास्त खाल्ला तर खालचं मऊ बीड लवकर झिजतं. शिवाय रॉकरचा (लोबचा धक्का व्हॉल्व्हला देणाऱ्या दांडीचा) कोन बदलतो, टॅपेट स्क्रू (व्हॉल्व्हची फट जमवणारा) जास्त बाहेर येतो. म्हणून लिफ्टची हाव धरली नाही.

रॉकर मात्र बघून घ्या. या इंजिनात रॉकरचं पॅड थेट लोबवर घासतं. माझे रॉकर वरून चकचकीत होते, पण नख फिरवलं तर एक्झॉस्टच्या दोघांवर कड लागत होती. असे रॉकर नव्या लोबवर चढवायचे नाहीत.

व्हॉल्व्ह स्प्रिंग वाइसमध्ये पूर्ण दाबून व्हर्नियरने मोजली. नव्या लिफ्टलाही कॉइल भिडायला मिलिमीटरभरापेक्षा जास्त जागा उरते, तेव्हा स्टॉक स्प्रिंग चालतील. फक्त सेट नवा टाकणार.

जुना कॅम ग्राइंडिंगला कोइम्बतूरला गेलाय. सोबत कॅम कार्ड (कॅमच्या मोजमापांचा कागद) मागितलंय, त्याशिवाय माल घेणार नाही. आला की पिस्टनवर क्ले ठेवून हाताने इंजिन फिरवायचं, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधली मोकळीक कळते. इनटेकला 2 मिमी, एक्झॉस्टला 2.5 मिमी मोकळीक मिळाली तरच पुढे. फेसिंगमुळे हेड खाली आलंय आणि त्याने कॅमही थोडा मागे पडतो, म्हणून व्हर्नियर पुली (कॅम थोडा मागे-पुढे करता येणारी) आणि डिग्री व्हीलने (कोन मोजायच्या चकतीने) सेंटरलाइन 108 वर आणणार. टायमिंग बेल्ट आणि कॅम सील नवे आणून ठेवलेत.

एक्झॉस्टचे दोन चांगले रॉकर कोणाकडे पडून असतील तर सांगा. जळगाव, भुसावळ, अमळनेर, कुठेही असले तरी न्यायला येतो. फोटो पॅडच्या बाजूने पाठवा.