दर दोन तासांनी बदललेली कूस

रुग्णाला भरवायचे, त्याचे अंग पुसायचे आणि उरलेला वेळ उशाशी बसून राहायचे, एवढेच नर्सिंग असिस्टंटचे काम, असे अनेक घरांत गृहीत धरलेले असते. एएनएम (सहायक परिचारिका व प्रसविका) हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएम (परिचारिका व प्रसविका) तीन वर्षांचा आणि आम्हा नर्सिंग असिस्टंटचा, म्हणजे जनरल ड्यूटी असिस्टंटचा, अवघ्या काही महिन्यांचा. इंजेक्शन देणे किंवा सलाइन लावणे आमच्या कक्षेत येत नाही, आणि नातेवाइकांनी कितीही गळ घातली तरी ते करू नये, असे माझे ठाम मत आहे.

आमचे खरे कौशल्य पाहायचे असेल, तर अर्धांगवायू झालेल्या रुग्णाची कूस बदलताना पाहावे. लुळ्या हाताला धरून त्याला कधीही ओढायचे नसते, कारण त्या बाजूचा खांदा सैल पडलेला असतो आणि हिसक्याने निखळू शकतो. रुग्णाच्या अंगाखाली खांद्यापासून मांड्यांपर्यंत अंथरलेल्या ड्रॉशीटच्या, म्हणजे आडव्या चादरीच्या, कडा दोघांनी दोन्ही बाजूंनी गुंडाळून घट्ट धरायच्या, रुग्णाला न फरफटवता उचलून सरकवायचे, मग कुशीवर वळवायचे. पाठीशी एक उशी, दोन्ही गुडघ्यांमध्ये एक, आणि टाचा गादीला टेकणार नाहीत अशी पोटऱ्यांखाली आणखी एक. हे सगळे करताना युरोबॅग, म्हणजे नळीवाटे लघवी जमा होणारी पिशवी, मूत्राशयाच्या पातळीखालीच राहिली पाहिजे, नाहीतर लघवी उलटी फिरून जंतुसंसर्ग होण्याची भीती असते.

कूस बदलली की पाठ उघडी दिसते, आणि माझ्या मते या कामातला सर्वांत मोलाचा क्षण तोच. माकडहाडाजवळ, टाचांवर, खुब्यांवर लालसर डाग दिसला, तर तो बोटाने दाबून पाहायचा. दाबूनही लाली जात नसेल, तर बेडसोअरची, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, ती सुरुवात असते. पुस्तकातली चित्रे बहुधा गोऱ्या कातडीची असतात. आपल्याकडच्या सावळ्या पाठीवर ही लाली सहजासहजी दिसत नाही, म्हणून हाताचा तळवा ठेवून ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागते का, हे चाचपून पाहावे लागते. शंका आली, तर तो भाग अजिबात चोळायचा नाही आणि सिस्टरना लगेच सांगायचे. डॉक्टर राउंडला येऊन जातात, सिस्टरकडे अनेक खाटा असतात. रोज पाठ पुसणाऱ्या व्यक्तीलाच हा बदल बहुधा सर्वांत आधी कळतो, म्हणून तिचे म्हणणे सिस्टरनी नोंदवहीत लिहून घ्यायला हवे.

घरी रुग्ण सांभाळण्यासाठी अशी माणसे पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत चोवीस तासांची बाई ठेवली जाते, तेव्हा मला फार काळजी वाटते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, म्हणजे रात्रीही बदलायचीच. मग त्या बाईने झोपायचे कधी? पेंगत असलेल्या हातांनी एकटीने जड रुग्ण वळवला, तर त्याची कातडी सोलवटते आणि तिची कंबर धरते. ज्यांना शक्य आहे, त्या कुटुंबांनी बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या लावाव्यात. ज्यांना खर्च परवडत नाही, त्यांनी निदान रात्रीच्या दोन खेपा घरातल्या कोणीतरी स्वतःकडे घ्याव्यात आणि ड्रॉशीटची दुसरी कड धरायची कशी, हे त्या बाईकडूनच शिकून घ्यावे.